एबीसीतून घेतलेला यूएपीएचा बेअर अॅक्ट: पुस्तक पातळ, प्रकरण जड

पोरगी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिची यादी घेऊन पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात (एबीसी) गेलो आणि यूएपीएचा, म्हणजे बेकायदा कृत्यं नि दहशतवादाविरुद्धच्या कायद्याचा, बेअर अॅक्ट (नुसती कलमं छापलेलं पुस्तक) आणला. तिच्याआधी मीच वाचून काढला. दुकानाचं नाव घेत नाही, दहा टक्के सोडा म्हटलं तर मालकाने तोंड वाकडं केलं (एबीसीत हे नवीन नाही).

बाइंडिंग बेकार, दुसऱ्या दिवशी पानं सुटली. अक्षर मुंगीएवढं.

आतलं सांगायचं तर कायदा १९६७ चा, पण खरी मेख २००८ ला मध्येच घुसवलेल्या कलमांत आहे, म्हणून नंबर ४३ए, ४३बी असे. ४३डी नीट वाचा, पेन्सिल घेऊन. चार्जशीटला १८० दिवसांपर्यंत मुदत, आणि पोलिसांची केस डायरी, चार्जशीट बघून जज्जला दहशतवादाचा आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की या कलमानुसार जामीन नाही, मग खटला कधी का संपेना. २०१९ पासून संघटनाच नाही, एकट्या माणसालाही सरकार दहशतवादी ठरवू शकतं, तेही खटल्याशिवाय.

कायदाच नको असं मी म्हणत नाही हां, जर्मन बेकरीचा स्फोट झाला २०१० ला तेव्हा मी कोरेगाव पार्कातच कामाला होतो, १७ माणसं गेली. पण कलम २ मध्ये बेकायदा कृत्याच्या व्याख्येत 'अप्रीती' (डिसअफेक्शन) दिसली आणि मी थांबलोच, अहो हाच शब्द लावून टिळकांना मंडालेला धाडलं ना, आणि केसरीवाडा या दुकानापासून चालत जाण्याएवढा! तेव्हा सरकारबद्दलची अप्रीती, इथे भारताबद्दलची, पण बोललेलं, लिहिलेलं, नुसती खूण केलेली सगळं त्यात बसतं. पुण्यातल्या एल्गार परिषद या सभेवरून झालेल्या, पुढे यूएपीए लागलेल्या केसचा एफआयआरपण जवळच्याच विश्रामबाग पोलीस स्टेशनचा, जानेवारी २०१८ चा, आणि त्यात काहींना जामीन मिळाला तेव्हा परवानगीशिवाय मुंबई सोडायची नाही अशी अट होती, म्हणजे बाहेरगावच्यांना सुटून सरळ घरी जायची सोय नव्हती.

शेवटी स्पायरल मारायला झेरॉक्सवाल्याकडे दिलं तर तो कव्हर बघून हळूच म्हणतो, "काका, हे घरात ठेवलेलं चालतं ना?"

तीन स्टार. एक बाइंडिंगचा कापला, एक अक्षराचा.