दसरा चौकातील सहा रविवार : एका अभ्यासवर्गाविषयी

पाश्चात्त्य देशांतील मुस्लिम तरुण, त्यांच्या धार्मिक शाळा आणि तिथली धर्मनिरपेक्षता या विषयावर कोल्हापुरात सहा रविवारांचा अभ्यासवर्ग भरतो, हे एका सहकाऱ्यांकडून कळले तेव्हा मी लगेच नाव नोंदवले. शुल्क ८०० रुपये, वेळ दुपारी चार ते साडेसहा, जागा दसरा चौकाजवळच्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. मी माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. २०२२ मध्ये सीमेपलीकडे कर्नाटकात हिजाबचा वाद पेटला असताना नववीतल्या एका मुलीने भर वर्गात विचारले होते, "मॅडम, मग फ्रान्समध्ये कसं असतं?" तेव्हा मी दिलेले उत्तर इतके मोघम होते की त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

वर्गाची मांडणी एका साध्या प्रश्नाभोवती होती. कोणत्याही देशाचे नाव निघाले की संचालक आधी विचारत, "तिथल्या शाळेतल्या शिक्षकाचा पगार कोण देतं?" पहिल्या रविवारी हा प्रश्न मला थोडा कोरडा वाटला, दुसऱ्या रविवारी फ्रान्सची चर्चा सुरू झाली आणि माझे मत बदलले. १९०५ च्या कायद्याने तिथे धर्म आणि शासन वेगळे झाले, एवढे आपण पाठ्यपुस्तकातून शिकतो. परंतु १९५९ च्या दब्रे कायद्यानुसार शासनाशी करार करणाऱ्या खाजगी शाळांतील शिक्षकांचा पगार तेच शासन देते आणि अशा शाळांपैकी बहुसंख्य कॅथलिक आहेत, हे मला ठाऊक नव्हते. फ्रान्सच्या पूर्वेकडचा आल्सास आणि मोझेल हा भाग १९०५ मध्ये जर्मनीच्या ताब्यात असल्यामुळे तिथे तो कायदा आजही लागू नाही आणि सरकारी शाळांतून धर्मशिक्षण दिले जाते, हे ऐकून तर मागच्या बाकावरचे एक निवृत्त वकील मोठ्याने हसले. लील शहरातील अव्हेरोएस या मुस्लिम शाळेची हकिकत याच चौकटीत सांगितली गेली. २००३ मध्ये सुरू झालेल्या या शाळेला २००८ मध्ये शासकीय करार मिळाला, २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो संपवण्याचा निर्णय झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. शिरोवस्त्राच्या प्रश्नापेक्षा पैशाच्या या प्रश्नातून फ्रेंच 'लाइसिते', म्हणजे तिथली धर्मनिरपेक्षता, मला अधिक नीट समजली.

शिरोवस्त्राचा भागही काळजीपूर्वक घेतला गेला. १९८९ मध्ये क्रेई गावातील तीन मुलींपासून सुरू झालेला वाद, 'धर्माची अशी खूण धारण करणे मुळातच लाइसितेच्या विरुद्ध नाही' असा त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय संस्थेने दिलेला अभिप्राय आणि त्यानंतर १५ मार्च २००४ चा बंदीचा कायदा, हा सगळा क्रम स्पष्ट झाला. हा कायदा सरकारी शाळांपुरता आहे. विद्यापीठे आणि खाजगी शाळा त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे काही मुस्लिम मुलींनी कॅथलिक शाळांत प्रवेश घेतला. कर्नाटक उच्च न्यायालयाचा हिजाबविषयक निकालही २०२२ च्या १५ मार्चलाच लागला होता. हा निव्वळ योगायोग आहे, पण तारखा पाठ करणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेच्या तो ध्यानात राहणारच.

इंग्लंडचा रविवार त्या मानाने धावपळीत उरकला. तिथे राज्यधर्म आहे, २६ बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात, शाळेत सामूहिक उपासना कायद्यानेच सांगितलेली आहे, त्यामुळे १९८३ मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या इस्लामिया शाळेला १९९८ मध्ये शासकीय अनुदान मिळाले, तेव्हा "इतर धर्मांच्या शाळांना मिळते, मग आम्हाला का नाही?" हा युक्तिवाद पुरेसा ठरला. दिवसा सरकारी शाळा आणि संध्याकाळी मशिदीत नाझरा कुराण (अरबीतून पाहून वाचन), हा तिथल्या अनेक मुलांचा दिनक्रम आपल्याकडच्या मक्तबात (मशिदीच्या प्राथमिक धर्मशाळेत) जाणाऱ्या मुलांना अनोळखी वाटणार नाही. यावर अर्धा तास तरी द्यायला हवा होता.

पाचवा रविवार तरुणांच्या ओळखीचा होता आणि तोच सर्वांत फसला. पाहुण्या वक्त्यांनी दोन तास तरुणांना केवळ एक समस्या मानून भाषण केले. त्या तरुणांचे म्हणणे काय, याचा एकही दाखला दिला नाही. फ्रेंच अभ्यासक ऑलिव्हिए रुआ यांचा उल्लेख एका वाक्यात आटोपला. स्थलांतरितांच्या पुढच्या पिढीत धर्म हा गावच्या रूढींपासून सुटा होतो, ही त्यांची मांडणी खरे तर त्या दिवसाचा गाभा व्हायला हवी होती. तो गाभा सापडला मधल्या सुट्टीत. वेळापत्रकात तिचे नाव 'चहापान' असे होते. ज्यांना असरची (दुपारनंतरची) नमाज पढायची असे ते शेजारच्या खोलीत जात, बाकीचे चहा घेत आणि कोणी कोणाला काही विचारत नसे. नमाजहून परतलेला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी कप हातात घेऊन म्हणाला, "आमची आजी मोहरमला पंजापुढं चोंगे ठेवते. मी तिला म्हणतो, आजी, हे दीनमध्ये नाही. ती म्हणते, तुझा दीन मोबाइलातून आलाय." दीन म्हणजे धर्म; पंजा हे मोहरममधले प्रतीक आणि चोंगे हा त्यापुढे ठेवायचा गोड पदार्थ. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या घरात आई-वडिलांना "ही तुमच्या गावची रीत, इस्लाम नव्हे" असे सांगणारा मुलगा आणि हा मुलगा यांच्यात फार अंतर नाही. मी संचालकांना तो संवाद वर्गात घ्यायला सुचवले. ते हसले आणि वक्त्यांनी पुढची चित्रफीत लावली.

माझी दुसरी तक्रार खिडकीबाहेरच्या इमारतीविषयी आहे. चौथ्या रविवारी नेदरलँड्सबद्दल उत्तम माहिती मिळाली. १९१७ च्या घटनादुरुस्तीने तिथे धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकाच निधी मिळू लागला आणि त्याच तरतुदीच्या आधारे १९८८ मध्ये पहिल्या इस्लामी प्राथमिक शाळा निघाल्या. त्याच १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याआधी १९०६ मध्ये त्यांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली होती आणि तिचे मुस्लिम बोर्डिंग हे वसतिगृह आम्ही बसलो होतो तिथून हाकेच्या अंतरावर आहे. डच पद्धतीत शाळाच वेगळी. कोल्हापुरात राहण्याची सोय समाजागणिक वेगळी, पण वर्गात मुले एका बाकावर. ही तुलना सहा रविवारांत एकदाही कोणी केली नाही, याचे मला फार आश्चर्य वाटले.

टिपणे सगळी इंग्रजीत होती आणि निम्म्या वर्गाला ती जड गेली. पंखे चांगले, जिना अरुंद; गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करून यावे. कायदा आणि इतिहास यांसाठी ८०० रुपये मला मुळीच जास्त वाटले नाहीत. नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी पुढच्या तुकडीत जरूर जावे, मात्र पाचव्या रविवारी चहाच्या टेबलाजवळची खुर्ची धरावी.