दहा मिनिटांतला किराणा: काय मागवावं आणि काय वाण्याकडूनच आणावं

मुंबईला घरपोच किराणा नवा नाही. गिरगावात, दादरला, पार्ल्यात वाण्याला फोनवर यादी सांगायची आणि संध्याकाळपर्यंत दुकानातला मुलगा पिशव्या घेऊन दारात हजर, ही पद्धत जुनीच. २०२० मध्ये इन्स्टामार्ट आलं, २०२१ मध्ये मुंबईत झेप्टो सुरू झालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रोफर्सने ब्लिंकिट हे नाव घेतलं. काही मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या या तीन ॲपनी मधला वेळ काढून टाकला, आणि त्याबरोबर यादी करण्याची सवयही सुटत चालली. खाली एका कंपनीचं नव्हे, या प्रकारच्या सेवेचं परीक्षण केलं आहे. दर आणि सवलती सतत बदलतात, पण तिन्हींची यंत्रणा जवळपास एकसारखी आहे.

निकाल आधीच सांगून टाकते. अचानक लागलेल्या वस्तूसाठी सेवा उत्तम. महिन्याच्या सामानासाठी महाग. भाजीला बरी. मासळी मागवायची तर वजनाची ओळ वाचायची तयारी हवी.

माल येतो डार्क स्टोअरमधून, म्हणजे गिऱ्हाईकाला आत न घेणाऱ्या दुकानातून. अशी दुकानं वस्तीच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत असतात, बहुतेक तळमजल्यावर. प्रत्येक रॅकला आणि कप्प्याला क्रमांक असतो. ऑर्डर पडली की सामान गोळा करणाऱ्याच्या फोनवर कप्प्यांचे क्रमांक येतात, तो त्या क्रमाने फिरून पिशवी भरतो. खरा वेळ जातो तो पुढे, रस्त्यावर आणि सोसायटीच्या गेटवर. टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी पत्त्यात विंग, गेट क्रमांक आणि कोणती लिफ्ट हे लिहून ठेवलं तर डिलिव्हरीवाल्याची बरीच धावपळ वाचते. त्याच्यावर घड्याळ लावलेलं असतं, याचं भान आपण ठेवायला हवं.

मुंबईत जागा महाग असल्यामुळे हे दुकान लहान असतं, आणि लहान दुकानात भराभर खपणारेच प्रकार ठेवणं परवडतं. मराठी स्वयंपाकघराला अडचण होते ती इथे. कोलम तांदूळ मिळतो, पण तो जुना की नवा ते कळत नाही. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. नेहमीच्या मापाने टाकलं तर भात गिचका होतो. वाणी हे न विचारता सांगतो. गुळाचं तसंच. चिकीचा गूळ आणि साधा गूळ पडद्यावर सारखाच पिवळा दिसतो. पुरणात चिकीचा गेला की पुरण गार झाल्यावर घट्ट होतं आणि पोळी लाटताना फाटते. जाडे पोहे, पातळ पोहे, बिनपॉलिशची तूरडाळ, आंबेमोहोर यांचंही असंच. एखादा प्रकार असतो, एखादा नसतो, आणि संपला की ॲप शेजारचाच दुसरा सुचवतं. अशा वस्तूंसाठी पर्यायी वस्तू पाठवण्याची परवानगी बंद ठेवावी. सणाच्या आदल्या दिवशी तर नक्कीच.

आता दर. किरकोळ व्यापारात सगळ्या वस्तूंवर सारखा नफा कोणीच घेत नाही. दूध, कांदे, साखर, तेल यांचे भाव गिऱ्हाईकाला पाठ असतात, म्हणून तिथे दर आवळून धरतात. भांडी घासायची जाळी, कचऱ्याच्या पिशव्या, टूथब्रश, मसाल्याचं छोटं पाकीट यांचा भाव कोणी लक्षात ठेवत नाही, कमाई तिथे होते. डिक्सन आणि सॉयर या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटात लोकांना वस्तू ट्रॉलीत टाकल्या टाकल्याच किंमत विचारली होती. १९९० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. नेमकी किंमत निम्म्याहून कमी लोकांना सांगता आली. तिथे निदान समोर फळी होती. फोनच्या छोट्या पडद्यावर ‘जोडा’ दाबताना लक्ष आणखी उडतं.

त्यामुळे ॲपची तुलना दुधा-कांद्यावर करू नका, ती चुकीचं उत्तर देईल. बारा वस्तू घ्या: चार भाव पाठ असलेल्या, चार डाळ-तांदूळ-रव्यासारख्या, चार स्वच्छतेच्या किंवा खाऊच्या. तीन ठिकाणी एकाच दिवशी दर काढा: ॲप, वाणी, आणि डीमार्टसारखं मोठं दुकान. पाकिटाची किंमत लिहू नका, किलोचा भाव लिहा. समजा, ३५० ग्रॅमचं पाकीट ६३ रुपयांना आहे आणि १ किलोचं १५० रुपयांना. पहिलं स्वस्त वाटतं, पण किलोला १८० रुपये पडतं. वेष्टित वस्तूंच्या नियमांतल्या दुरुस्तीनंतर एककाची किंमत छापणं बंधनकारक झालं आहे: १ किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅममागे, वरच्यावर किलोमागे. त्याच दुरुस्तीने पाकिटांच्या ठरावीक मापांची सक्तीही गेली, म्हणून आता नुसतं पाकीट पाहून तुलना होत नाही. एककाची किंमत बारीक अक्षरात असते. ती वाचावीच.

ॲपवर मोठी पाकिटं खाली आणि छोटी वर दिसतात, असा अनुभव बऱ्याच वर्गांत येतो. स्वस्त एककासाठी खाली जावं लागतं.

मग शुल्कं. डिलिव्हरी, हाताळणी, छोट्या ऑर्डरचं, रात्रीचं, पावसाचं. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात आणि तिच्यापेक्षा जास्त दराने वस्तू विकता येत नाही. ही शुल्कं मात्र वस्तूच्या किमतीत धरली जात नाहीत, आणि त्यांच्यावर जीएसटी वेगळा लागतो. म्हणून ‘छापील किमतीपेक्षा १५ टक्के कमी’ या पट्टीवर थांबू नका. बिलाची शेवटची रक्कम घ्या, तिला वस्तूंच्या छापील बेरजेशी ताडा. दीडशेच्या ऑर्डरवर सवलत शुल्कातच विरघळलेली दिसते. हजाराच्या पुढे ती उरते.

सगळ्यात हुशारीने बांधलेली गोष्ट म्हणजे ‘आणखी ४७ रुपयांचं घ्या, डिलिव्हरी मोफत’ ही भरत जाणारी पट्टी. नून्स आणि ड्रेझ यांनी २००६ मध्ये गाडी धुण्याच्या केंद्रावरचा एक प्रयोग मांडला. कार्डावरचे शिक्के भरले की एक धुलाई फुकट. काहींना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, काहींना दहा शिक्क्यांचं, पण दोन आधीच मारलेले. शिल्लक शिक्के दोघांनाही आठच. कोरं कार्ड १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं, दुसरं ३४ टक्के लोकांनी. अर्धवट भरलेलं काम पुरं करावंसं वाटतं, आणि पट्टी तेच वाटायला लावते. डिलिव्हरीचे २५ रुपये वाचवायला ४७ रुपयांचे वेफर्स घेतले तर घरातून ४७ गेले. जोडायचंच असेल तर मीठ, काडेपेटी, साबण असं काहीतरी घ्या. आठवडाभरात लागणारच असतं.

वेफर्सचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्च पाहणीत शहरी कुटुंबांच्या मासिक खर्चापैकी जवळपास ४० टक्के खाण्यापिण्यावर जातो, आणि त्यातला सर्वांत मोठा हिस्सा, एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के, पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा आहे. भाजी, दूध, धान्य यांपैकी कशाचाही हिस्सा एवढा नाही. रात्री अकराला मागवल्या जातात त्या याच वस्तू. २००२ मध्ये पवईत पहिलं डीमार्ट उघडलं तेव्हापासून पगार झाल्यावरच्या रविवारी यादी घेऊन रांग लावणारी मुंबईतली घरं एका गोष्टीत सुरक्षित आहेत: हातात किती पिशव्या पेलवतील याला मर्यादा असते. रिक्षाचं भाडं आणि रांगेतला तास हा खर्च खराच आहे, तो धरूनच तुलना करावी. तरीही महिन्याचं तेल, डाळ, साबण एका फेरीत आणणं बहुतेक घरांना स्वस्त पडतं.

महिनाअखेर ॲपमधल्या जुन्या ऑर्डरी उघडा आणि तीन आकडे काढा: किती ऑर्डरी, शुल्कांची एकूण बेरीज, आणि यादीत नसलेल्या वस्तूंची रक्कम. १८ ऑर्डरींवर सरासरी २२ रुपये शुल्क पडलं तर ३९६ रुपये नुसते आणण्यात गेले. एकेकटं बिल कधीच टोचत नाही, म्हणून बेरीज करायची.

भाजीत कांदे, बटाटे, टोमॅटो ठीक. पालेभाजी आणि जुड्या यांत फरक पडतो, कारण जुडीला वजन लिहिलेलं असतं तेच मिळतं आणि ती प्लास्टिकमध्ये घाम धरते. आल्या आल्या उघडून कागदात गुंडाळा. भाजीवाल्याने वर टाकलेली मिरची-कोथिंबीर हा आपल्याकडे व्यवहाराचाच भाग. २०२४ मध्ये एका ग्राहकाने आईला कोथिंबिरीचे पैसे द्यावे लागल्याचा धक्का बसल्याचं एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) लिहिलं, आणि ब्लिंकिटने ठरावीक भाजीवर कोथिंबीर फुकट देणं सुरू केलं. सवयीपुढे ॲप वाकलं याचा आनंद आहे.

मासळीत दोन वजनं असतात: साफ करण्यापूर्वीचं आणि निव्वळ. कोळंबीचं डोकं आणि साल काढल्यावर साधारण निम्मंच उरतं, म्हणून निव्वळ वजनाने किलोचा भाव काढा आणि मग कोळणीच्या भावाशी ताडा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुरमई ‘ताजी’ लिहिलेली दिसली तर गोठवलेली आहे का ते वर्णनात शोधा.

लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे ज्येष्ठ, घरी एकटी बाळंतीण, तापाने फणफणलेला विद्यार्थी यांच्यासाठी मात्र शुल्काचा हिशोब मांडू नये. त्यांना ही सेवा पैशापलीकडची आहे.

शेवटी तारखा आणि तक्रारी. ऑनलाइन विक्रेत्याने वेष्टनावरची बहुतेक माहिती पडद्यावर दाखवावी असा नियम आहे, पण उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना-वर्ष त्यातून वगळलं आहे. त्यामुळे दही, पाव, पनीर दारात आल्यावरच तारीख कळते. डिलिव्हरीच्या वेळी निदान ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. पिशवी उघडताच तारीख आणि गळती पाहा, फोटो काढा, लगेच तक्रार नोंदवा. परतावा ॲपच्या वॉलेटमध्ये नको, मूळ खात्यात मागा. टिप, देणगी किंवा पिशवीची खूण आधीच लावलेली दिसली तर पैसे भरण्यापूर्वी काढा आणि स्क्रीनशॉट ठेवा. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत मनाई केलेल्या १३ फसव्या पद्धतींत न विचारता टोपलीत वस्तू किंवा शुल्क घालणं येतं. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल, फोटो आणि ऑर्डर क्रमांक हाताशी ठेवून फोन करा.