माउईची सहल: जुनी वेस्टफालिया, नवी छोटी व्हॅन, की गाडी आणि तंबू?

हवाईतल्या माउई बेटावर जायचं ठरलं की घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. समुद्राच्या अगदी काठावर उभी असलेली जुनी फोक्सवॅगन वेस्टफालिया, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन, छप्पर वर उचललेलं, मागचं दार उघडं. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की त्या जागी रात्री झोपणं बहुधा बेकायदा आहे.

हवाई राज्याच्या वाहतूक कायद्यानुसार संध्याकाळी ६ ते सकाळी ६ या वेळात रस्त्यावर किंवा कुठल्याही सार्वजनिक जागेवर उभ्या गाडीत मुक्काम करता येत नाही. खासगी जागेवर मालकाची परवानगी लागते. त्यामुळे 'वाटेल तिथे थांबू' हे व्हॅनचं मुख्य आकर्षण इथे लागूच होत नाही. म्हणून गाड्यांची तुलना करण्याआधी मुक्कामाच्या जागांचं आरक्षण पाहावं. व्हॅन हातात आहे आणि जागा नाही, यापेक्षा उलट परिस्थिती कितीतरी परवडते.

मुक्काम कुठे मिळतो

बेटाच्या पूर्व टोकाकडच्या हाना गावाजवळचं वायअनापानापा हे राज्याचं उद्यान, काळ्या वाळूच्या किनाऱ्यासाठी प्रसिद्ध. हवाईबाहेरच्यांना इथे एका जागेचे एका रात्रीला ३० डॉलर पडतात. व्हॅनच्या जागा वेगळ्या आणि मोजक्या आहेत, त्यामुळे आरक्षण करताना व्हॅनचीच जागा निवडावी. हानाच्या पुढे साधारण १२ मैलांवर किपाहुलु आहे. तो हालेआकाला राष्ट्रीय उद्यानाचाच समुद्राकडचा भाग. तंबूंच्या जागेजवळ पाण्याचा नळ नाही, म्हणून टाकी हानातच भरून घ्यायची. त्याच उद्यानाच्या डोंगरावरच्या भागात सुमारे ६,८०० फुटांवर हॉझ्मर ग्रोव्ह आहे. तिथली रात्र चांगलीच गारठवते. हवाईला निघालोय म्हणून स्वेटर घरी ठेवले असतील तर तिथे फार पंचाईत होते.

राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क एका गाडीला ३० डॉलर, तीन दिवस चालतं आणि दोन्ही भागांना लागू होतं. मात्र शिखरावरून किपाहुलुला उतरणारा रस्ता नाही, पूर्ण वळसा घालून जावं लागतं. कुठल्या जागेवर गाडीत झोपायला परवानगी आहे आणि कुठली फक्त तंबूसाठी आहे, हे आरक्षण करताना प्रत्येक जागेपुढे वाचून मगच पैसे भरावेत. तंबूच्या जागा तुलनेने जास्त असतात. व्हॅनच्या जागा संपल्या असतील तर निर्णय तिथेच झाला असं समजा: गाडी आणि तंबू.

आणखी एक. बेटांदरम्यान गाड्या नेणारी प्रवासी फेरी २००९ पासून बंद आहे. माउईत घेतलेली व्हॅन माउईतच राहते. दोन बेटं करायची असतील तर दोनदा भाडं, दोनदा तपासणी, दोनदा सामानाची उठाठेव.

'जुनी व्हॅन' म्हणजे नेमकी कोणती

अमेरिकेत भाड्याने मिळणारी जुनी कॅम्पर बहुतेक वेळा फोक्सवॅगनची व्हॅनागन वेस्टफालिया असते. तिथे ती १९८० ते १९९१ या काळात विकली गेली. लांबी सुमारे ४.५७ मीटर आणि रुंदी १.८४ मीटर, म्हणजे इनोव्हा क्रिस्टापेक्षा जराशी आखूड आणि रुंदीला जवळजवळ तेवढीच. दिसते त्यापेक्षा ती खरं तर आटोपशीर आहे. उंची मात्र दोन मीटरच्या वर जाते, त्यामुळे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये शिरण्याआधी पाटी वाचावी.

मालकाला पहिला प्रश्न इंजिनाचा विचारा. सुरुवातीच्या गाड्यांत हवेने थंड होणारं २ लिटरचं, ६७ अश्वशक्तीचं इंजिन आहे. १९८३ च्या मध्यापासून पाण्याने थंड होणारं १.९ लिटरचं, ८२ अश्वशक्तीचं आलं. १९८६ पासून २.१ लिटरचं, ९० ते ९५ अश्वशक्तीचं. काही मालकांनी मूळ इंजिन काढून सुबारूचं बसवलेलं असतं. अशी गाडी मिळत असेल आणि काम नीट केलेलं असेल तर तीच घ्यावी. जुनेपणाची गंमत बाहेरून सगळी शिल्लक राहते आणि चढावर जीव टांगणीला लागत नाही.

या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, एसी क्वचितच असतो, शौचालय नाही. गिअर बहुधा हाताचे, चार. भारतात गाडी शिकलेल्यांना त्याचं भय नसतं, पण इथे गिअरचा दांडा उजव्या हाताला येतो आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते. रिव्हर्ससाठी दांडा आधी खाली दाबून मग डावीकडे न्यावा लागतो. हे गाडी ताब्यात घेतानाच चार वेळा करून पाहावं, अरुंद पुलावर नाही.

दुसरा पर्याय नवी छोटी व्हॅन: मालवाहू छोट्या व्हॅनमध्ये पलंग बसवलेली. तिसरा, साधी गाडी आणि तंबू. चौथा, गाडी आणि खोली. तो काही जणांना नामुष्कीसारखा वाटतो, पण बऱ्याच कुटुंबांसाठी तोच बरोबर असतो.

हानाचा रस्ता आणि हालेआकालाचा घाट

विमानतळाचं गाव कहुलुई ते हाना सुमारे ५२ मैल, ६०० च्या वर वळणं, ५९ पूल, त्यातले ४६ एकपदरी. इथे वेग ताशी २५ मैलांच्या आतच राहतो, त्यामुळे जुनी व्हॅन अजिबात कमी पडत नाही. उलट उंचावर बसल्यामुळे वळणापलीकडचं जरा आधी दिसतं. मागे स्थानिकांच्या गाड्या साचल्या की जागा पाहून बाजूला घ्यायचं आणि पुलावर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. पाइया गावानंतर हानापर्यंत पेट्रोल नाही. व्हॅनागन एका लिटरला साधारण ७ ते ८ किलोमीटर देते आणि तिचा काटाही चाळीस वर्षांचा असतो, म्हणून पाइयात टाकी भरूनच निघावं.

हालेआकालाचं गणित वेगळं आहे. समुद्रसपाटीपासून १०,०२३ फुटांपर्यंत जेमतेम ६० किलोमीटरांत चढायचं. कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंची, आणि पार वरपर्यंत डांबरी रस्ता. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के उरतो, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही तेवढीच उरते. ६७ अश्वशक्तीची गाडी वरच्या टप्प्यात पन्नाशीच्याही खाली येते, त्यात चार माणसं, पाणी आणि सामान. ती पोचते, पण दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत, मागे गाड्यांची रांग घेऊन. सूर्योदयासाठी पहाटे ३ ते ७ मध्ये आत जायचं तर वेगळं आरक्षण लागतं. अंधारात, घाईने, दमलेल्या इंजिनावर ही चढण करणं आम्हाला शहाणपणाचं वाटत नाही. दुपारी सावकाश हॉझ्मर ग्रोव्हला पोचून मुक्काम करावा, किंवा शिखराचा दिवस साध्या गाडीसाठी राखून ठेवावा.

उतरताना ब्रेकवर पाय ठेवून येणाऱ्यांचे ब्रेक तापतात आणि पकड सुटते. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि भरलेल्या गाडीचं वजन. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, आपल्या घाटातला नियम इथेही तसाच लागू आहे. नव्या व्हॅनला आणि साध्या गाडीला ऑटोमॅटिक गिअर असले तरी दांडा खालच्या गिअरवर आणावाच.

झोप आणि स्वयंपाक

इथे वेस्टफालिया बाकी सगळ्यांना मागे टाकते. छप्पर उचललं की आत उभं राहता येतं, खाली दोघं, वर दोघं झोपतात, दोन बर्नरची शेगडी आणि सिंक आतच. पावसात तंबूवाले भिजलेल्या चादरी पिळत असताना तुम्ही चहा टाकू शकता. हानाकडची बाजू पावसाची आहे, त्यामुळे हा फरक कागदावर वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

पण छपराचं कापड जुनं असेल तर शिवणीतून पाणी झिरपतं, म्हणून ताब्यात घेताना कापडाला हात लावून, वास घेऊन पाहावं. बुरशीचा वास आला तर रात्री तोच नाकाशी असणार. व्हॅनागनचं छप्पर पुढच्या बाजूने वर उचललं जातं, तेव्हा जोराचा वारा असेल तर गाडीची पाठ वाऱ्याकडे करावी.

फ्रीजवर विसंबू नका. तो गॅसवर, १२ व्होल्टवर किंवा बाहेरच्या विजेवर चालतो आणि गाडी समतल उभी असेल तरच नीट थंड करतो. बाहेर ३० अंश असेल तर आत दूध टिकेलच असं नाही. गाडी चालू असताना तो १२ व्होल्टवर ठेवायचा. इंजिन बंद झालं की १२ व्होल्टवरून काढायचाच, नाहीतर सकाळी बॅटरी बसलेली असते. सरळ बर्फाची पेटी घ्यावी आणि फ्रीजला कपाट समजावं.

नव्या छोट्या व्हॅनमध्ये दोघंच झोपतात, आत उभं राहता येत नाही आणि स्वयंपाक मागचं दार उघडून बाहेर. डास आणि पाऊस असताना ते कंटाळवाणं होतं. तंबूवाल्यांसाठी सूचना: स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तो कहुलुईत उतरल्यावर घ्यायचा.

आपल्या स्वयंपाकाबद्दल दोन गोष्टी. हॉझ्मर ग्रोव्हच्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर न्यावा, नाहीतर पोहे-उपम्यावर भागवावं. आणि फोडणी गाडीत करू नये. हिंग-मोहरीचा वास पडद्यांत आणि छपराच्या कापडात बसला की सफाईचा आकार लावला जाऊ शकतो. थंडीत ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून बंद गाडीत बसणं तर जिवावर बेतू शकतं.

काय बिघडतं

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधे गाडीखालून लांब नळ्या. कुठेही गळती झाली की तापमान चढतं. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, मागची कूलंटची टाकी आणि ऑइलची पट्टी पाहावी. चढावर काटा वर सरकू लागला तर हीटर पूर्ण चालू करून वेग कमी करायचा. तापमानाच्या काट्यातला लाल दिवा लुकलुकू लागला तर लगेच थांबून इंजिन बंद करायचं. गरम टाकीचं झाकण उघडू नये. 'एवढं हानापर्यंत जाऊ' असं म्हणून रेटलं की हेड गास्केट (इंजिनातलं सील) जातं आणि ते बिल तुमच्या नावावर येतं.

मागून पेट्रोलचा वास आला तर त्यावर चर्चाच नको. जुन्या रबरी नळ्या कडक होऊन तडकतात आणि इंजिन गरम असतं. आग विझवायचं सिलिंडर हाताशी आहे का, ते निघण्याआधी बघावं. लांब एकसारख्या वेगाने चालताना गाडी अचानक हिसके देऊ लागली तर ते बहुधा हवा मोजणाऱ्या भागाचं दुखणं असतं. बाजूला घेऊन इंजिन बंद करावं आणि काही मिनिटांनी पुन्हा सुरू करावं. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

टायरच्या बाजूवरचा चार अंकी तारखेचा शिक्का वाचा, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. झीज दिसत नसली तरी दहा वर्षांचा टायर भरलेल्या व्हॅनखाली नको. आणि मालकाला स्पष्ट विचारा: हानाच्या पलीकडे गाडी बंद पडली तर कोण येणार, टोइंगचे पैसे कोणाचे, तेवढ्या रात्री वाया गेल्या तर काय? उत्तर लेखी घ्यावं. त्या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते.

पैसे आणि विमा

व्हॅनचं भाडं खोलीच्या भाड्याशी ताडताना लोक फक्त दिवसाचा आकडा बघतात. त्यात मुक्कामाची जागा, उद्यानाचं शुल्क, सफाई, मैलांची मर्यादा आणि दुप्पट पेट्रोल मिळवा, मग फरक बराच आवळतो. क्रेडिट कार्डासोबत येणारा भाड्याच्या गाडीचा विमा अनेकदा वीस वर्षांहून जुन्या गाड्या आणि कॅम्पर वगळतो. त्यामुळे मालकाकडूनच विमा घ्यावा लागतो, आणि तो आकडा आधी विचारलेला बरा. करारात हानापलीकडचा मागचा रस्ता किंवा वायव्येकडचा काहेकिली रस्ता वर्ज्य असेल तर तिथे बिघाड झाल्यावर विमाही हात वर करतो.

भारतातून येणाऱ्याने आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून आधीच काढून आणावा. वैधता एक वर्ष.

मग कोणी काय घ्यावं

दोघंच असाल, हाताचे गिअर येत असतील, घाई नसेल आणि हानाकडच्या दोन-तीन रात्रींचं आरक्षण हातात असेल तर वेस्टफालिया घ्या, पैसे वसूल होतात. दोघंच पण शिखर, दक्षिण किनारा, सगळं चार दिवसांत उरकायचं असेल तर नवी व्हॅन. बजेट तंग असेल किंवा व्हॅनच्या जागा संपल्या असतील तर गाडी आणि तंबू.

लहान मुलं असतील तर मागच्या बाकाचे पट्टे बघितल्याशिवाय होकार देऊ नका. काही जुन्या गाड्यांत मागे फक्त कमरेचे पट्टे असतात आणि मुलांच्या बूस्टर सीटला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो. भारतातून आई-बाबा आले असतील तर सरळ गाडी आणि खोली. रात्री दोनदा उठून टॉर्च घेऊन सार्वजनिक शौचालयापर्यंत जाणं सत्तरीत कोणाला हौसेचं वाटत नाही.

आमच्या मते सगळ्यात बरी वाटणी अशी: पहिल्या तीन रात्री हानाच्या बाजूला जुनी व्हॅन, मग ती कहुलुईत परत करून साधी गाडी, दोन रात्री खोलीत आणि त्यातच शिखर. व्हॅन सकाळीच ताब्यात घ्या. शेगडी पेटवणं, छप्पर उघड-बंद करणं, सरकतं दार न आदळता लावणं, सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढणं यात तास-दीड तास सहज जातो, आणि हानाचा रस्ता अंधार पडण्याआधी संपायला हवा.