परळचं 'रिकव्हरी पॅकेज' आणि आमचे गेलेले १,१४,५५० रुपये

आकडा आधीच सांगते, म्हणजे "किती गेले गं?" हा प्रश्न पुन्हा नको. एक लाख चौदा हजार पाचशे पन्नास. आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर मुंबईत राहायची सगळी सोय करून देतो म्हणणाऱ्या एका एजंटनं हे नेले. पॅकेजचा अर्धा ॲडव्हान्स ६९,२५०, फ्लॅटचं डिपॉझिट २५,०००, बेड, वॉकर आणि कमोड चेअरचं भाडं ११,८००, गाड्यांचे ८,५००. सगळे यूपीआयनं, सगळे माझ्याच फोनवरून. यात एक टॅक्सी खरी मिळाली. तिचं भाडं वजा करायचं असेल तर करा.

आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलायच्या होत्या. आम्ही सोलापूरचे, ऑपरेशन मुंबईत. "सोलापुरात होत नाही का ऑपरेशन?" असं आता सगळे नातेवाईक विचारतात. होतं. पण आईला हृदयाचाही त्रास आहे आणि तिच्या डॉक्टरांनीच मोठ्या ठिकाणी न्या म्हणून सांगितलं होतं. त्यामुळे ते शहाणपण कृपा करून राहू द्या.

हॉस्पिटलची निवड, तपासण्या, मेडिक्लेम हे सगळं नीट झालं. अडलं ते पुढचं. डिस्चार्ज झाल्यावर टाके निघेपर्यंत मुंबईतच राहायचं होतं. पेशंट वॉकरवर, लिफ्ट हवी, कमोड हवा, रोज फिजिओ हवा, रात्री उठवायला माणूस हवं. हॉस्पिटलची जबाबदारी गेटपाशी संपते आणि आपलं घर साडेचारशे किलोमीटरवर. मधल्या या दिवसांचा धनी कुणीच नसतो. हे लोक नेमके तेच दिवस विकतात.

तो माणूस आम्हाला ओपीडीच्या बाहेर भेटला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, सिक्युरिटीवाले त्याला नमस्कार करत होते. "ताई, कमोडची उंची किती लागेल ते विचारलंत का डॉक्टरांना?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी विचारलं नव्हतं. पलंग किती उंच, बाथरूमला उंबरठा आहे का, परतीच्या गाडीत खालचा बर्थ आहे का... त्याचे सगळे प्रश्न खरे होते. फसवणारा माणूस अडाणी असेल अशी आपली समजूत असते. हा माणूस त्या कामात माझ्यापेक्षा हुशार होता.

पॅकेज १,३८,५०० चं. हॉस्पिटलपासून चालत पाच मिनिटांवर फ्लॅट, चोवीस तास अटेंडंट, दोन वेळा फिजिओ. साहित्याचं भाडं आणि गाड्या वेगळ्या. "ओळखीनं इम्प्लांटही स्वस्तात करून देतो" असंही म्हणाला. तिथे मी त्याला थांबवलं, कारण गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्येच कमाल मर्यादा घातली आहे, हे मला माहीत होतं. साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये ठरवले होते, जीएसटी वेगळा. (तुम्हीही आजचा दर पाहून ठेवा आणि इम्प्लांटचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या.) म्हणजे मी काही डोळे मिटून गेले नव्हते, एवढंच सांगायचंय.

आणि आता ते, ज्यानं मला अजून रात्री झोप लागत नाही. त्यानं फ्लॅटचा व्हिडिओ पाठवला. हॉल, बेडरूम, कमोड, लिफ्ट, मग खिडकी, आणि खिडकीतून खालचा रस्ता. त्या रस्त्यावर तीन रिक्षा उभ्या होत्या. काळ्या-पिवळ्या, ठळक, उन्हात. परळमध्ये रिक्षा! रिक्षांना माहीम-सायनच्या अलीकडे शहरात येऊच देत नाहीत, हे मुंबईत आठवडाभर राहिलेल्या माणसालाही कळतं. लग्नाआधी माझी नोकरी परळलाच होती. पावसात टॅक्सी मिळाली नाही की "इथे रिक्षा का नाहीत" म्हणून मीच बोटं मोडायचे. तो व्हिडिओ मी आईला दाखवला, दादाला पाठवला, कमोड किती उंच दिसतोय ते थांबवून थांबवून पाहिलं. रिक्षा दिसल्या, आणि डोळ्यांनी त्या तशाच पुढे सोडून दिल्या. कमोड शोधणाऱ्या बाईला रस्ता दिसत नाही. याहून दुसरं कारण माझ्याकडे नाही.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं पहाटे दादरला उतरलो तेव्हा त्याची गाडी हजर होती. ड्रायव्हरनं आईला हात धरून बसवलं. हीच ती खरी टॅक्सी. तिच्यामुळे दादाचीही शंका गेली. या लोकांचं गणित तुम्हाला ठाऊकच आहे, पहिली गोष्ट नेहमी वेळेवर येते.

डिपॉझिट त्यानं कधी मागितलं? आई ऑपरेशन थिएटरमध्ये असताना. "मालक चावी देत नाहीयेत, आत्ता नाही भरलं तर फ्लॅट दुसऱ्या पेशंटला जाईल." क्यूआर स्कॅन केल्यावर नाव भलत्याच माणसाचं आलं. विचारलं, तर म्हणे आमचे अकाउंटंट. थिएटरवरचा लाल दिवा समोर दिसत असताना कोण वाद घालेल? घालून दाखवा.

डिस्चार्जच्या सकाळी फोन बंद. दादा पत्त्यावर गेला. इमारत होती, त्या नंबरचा मजलाच नव्हता. वॉचमन म्हणाला, "तुमच्याआधीही येऊन गेलेत लोक."

मग जे हाल झाले ते थोडक्यात. लॉज मिळालं, लिफ्ट बंद. दोन मुलांनी खुर्चीतून आईला वर नेलं. कमोड चेअर २,६५० ला विकत घेतली, वॉकर १,४५० ला. पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या मावशी रोजच्या १,५०० वर आल्या. बाई मायाळू, पण शिकवलेली नाही. आईला बरं वाटावं म्हणून गुडघ्यांखाली उशी ठेवायची. फिजिओ मिळायला उशीर झाला आणि तो आल्या आल्या ओरडला : उशी गुडघ्याखाली कधीच नाही, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, नाहीतर पाय सरळ होणार नाही. आईचा उजवा गुडघा अजून पूर्ण सरळ होत नाही. पैशांपेक्षा हे जास्त लागतं.

आता साहेबलोक. हॉस्पिटलच्या पीआरओ बाई : "तो आमचा माणूस नाही." मग रोज तुमच्या ओपीडीसमोर बसायचा कसा? उत्तर म्हणून त्यांनी खांबामागची पाटी दाखवली, 'बाहेरील व्यक्तींशी व्यवहार करू नये'. खांबामागे! बँक : "व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलाय, त्यामुळे आमची जबाबदारी नाही." सायबर फसवणुकीच्या तक्रारींच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन उचलला, तक्रार घेतली, त्याबद्दल आभार, पण तोवर पैसे तीन खात्यांतून पुढे गेले होते. गोठवले गेले ३,४१२ रुपये, आणि तेही हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा, असं तेव्हा मला सांगितलं.

मुंबईचं पोलीस ठाणं म्हणालं, ॲडव्हान्स सोलापुरातून दिलात, तिकडे जा. सोलापूरचं म्हणालं, घटना मुंबईची, तिकडे जा. मग एकानं शोध लावला की "ताई, हे दिवाणी प्रकरण आहे, सेवा दिली नाही एवढंच." अस्तित्वातच नसलेल्या मजल्याचं भाडं घेणं दिवाणी? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायचीच. १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मी कागद छापून नेला. हवालदारानं तो वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाला, साहेब राउंडला गेलेत. साहेब कायम राउंडलाच असतात. पेशंट लॉजवर मावशींच्या भरवशावर, आणि मी बाकावर. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे सगळं खरं. पण समोरच्याचा पत्ता लिहायचा रकाना असतो, तिथे काय लिहू? नसलेला मजला?

तुम्ही जाणार असाल तर जागा ऑपरेशनच्या आधी कुणीतरी स्वतः जाऊन पाहा, संडासापर्यंत. व्हिडिओ मागायचाच तर त्याच क्षणी व्हिडिओ कॉल करून रस्त्यावर उतरायला सांगा. थिएटरबाहेर बसलेल्या माणसाच्या फोनमध्ये पैसे ठेवू नका, तो फोन घरच्या दुसऱ्या कुणाकडे द्या. फिजिओचं नाव सर्जनच्या टीमकडूनच घ्या. परतीचा प्रवास कधी करायचा ते सर्जनलाच विचारा, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, एजंटनं दिलेली तारीख धरू नका.

आणि परळच्याच अशा पॅकेजचे पैसे तुमचेही गेले असतील, तर लाजेपोटी गप्प बसू नका. आपली वेगळी तक्रार १९३० वर नोंदवा आणि पैसे गेले ते खाते क्रमांक त्यात लिहा. सोलापूरच्या साहेबांनी शेवटी मला सांगितलंय, त्याच खात्यावर आणखी दोन-चार तक्रारी आल्या तर एफआयआर घेऊ.