खाडी साफ करायची की सोसायटीत खत करायचं?

ठाण्यात रविवारची सकाळ मोकळी असेल, तर दोन ठिकाणी जाता येतं: कोपरीच्या खाडीकाठी सफाईला, नाहीतर आपल्याच सोसायटीत ओल्या कचऱ्याच्या बैठकीला.

खाडीवर मुलांना जरूर न्या. तिवरांच्या श्वसनमुळांत अडकलेल्या पिशव्या हाताने सोडवताना शहराचा कचरा कुठे जातो, ते त्यांना कळतं. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पण पुढच्या भरतीला नवा कचरा येतोच.

बैठकीत फोटो काढण्यासारखं काही नसतं. वास येईल, उंदीर होतील, खर्च कोण करणार, यावर तासभर वाद होतो. तरी मी म्हणेन, वेळ एकाच ठिकाणी देता येणार असेल तर इथेच द्या. ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं. वासाचा प्रश्नही सुटतो: प्रत्येक थरावर सुका पालापाचोळा किंवा भुसा टाका, अधूनमधून ढवळा, पाणी साचू देऊ नका. आणि रोज कचरा उचलणाऱ्या मावशींना बैठकीला आवर्जून बोलवा. कुठल्या मजल्यावरून ओलं-सुकं एकत्र येतं, ते त्यांनाच ठाऊक असतं.