क्विन्सीचं मासळी काउंटर: कलेजीसकट फ्लाउंडर

नुसत्या पांढऱ्या, काटे काढलेल्या तुकड्या हव्या असतील तर पुढे वाचू नका, त्या कुठेही मिळतात. मी सांगतेय ते बॉस्टनच्या दक्षिणेला क्विन्सीत असलेल्या एका चिनी सुपरमार्केटच्या मासळी काउंटरबद्दल. अकरा वर्षं झाली, बहुतेक शनिवारी मी तिथे नंबर घेऊन उभी असते. पापलेट आणि सुरमई आहे, पण गोठवलेली, त्यासाठी एवढी पायपीट नको. जायचं ते बर्फावर अख्ख्या पसरलेल्या विंटर फ्लाउंडरसाठी. आपल्या लेप्याचा हा जाडजूड चुलतभाऊ. व्हिडिओवर दाखवला तेव्हा आई मालवणहून ओरडली, "गो, ह्यो लेपो इतको दांडगो कसो?"

साफ करून देण्याचे पैसे नाहीत. भिंतीवर आकड्यांची पाटी आहे: 1 म्हणजे फक्त पोट साफ, पुढे खवले, मग डोकं, मग तुकडे. भाषेची अडचणच नाही, बोटं दाखवायची. कापणारे काका मात्र भयंकर घाईत असतात. एकदा त्यांनी पित्ताची पिशवी फोडली आणि रवा लावून तळलेला अख्खा मासा कडूजहर झाला. माझी मागणी वेगळीच असते: एक नंबर, आणि कलेजी बाजूला. पहिल्यांदा त्यांना वाटलं मांजरासाठी नेतेय. आता न सांगता छोट्या पिशवीत घालून देतात.

मांजर नाही माझ्याकडे. मी हॉस्पिटलात टिशूच्या स्लाइड बनवते, त्यामुळे कलेजी दिसली की उजेडात धरून बघितल्याशिवाय राहवत नाही. आणि बॉस्टनच्या खाडीतल्या फ्लाउंडरची कलेजी म्हणजे इथल्या पाण्याचं प्रगतिपुस्तक आहे. हा मासा चिखलात अंग पुरून पडून राहतो आणि चिखलातले किडे खातो. सांडपाणी, तेल, कारखान्यांची रसायनं शेवटी चिखलातच बसतात, आणि पोटात गेलेलं विष निस्तरायचं काम यकृताचं. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत बॉस्टन बंदरातल्या 200 फ्लाउंडरपैकी 8 टक्क्यांना यकृताचा कर्करोग निघाला होता. गाठी नुसत्या डोळ्यांना दिसतील इतक्या मोठ्या! त्याच्या तीन वर्षं आधी, 1982 मध्ये, क्विन्सीचे शहर वकील विल्यम गोल्डन क्विन्सीतल्याच वोलास्टनच्या किनाऱ्यावर धावायला गेले आणि पायाखाली मैला आला. शहराने दावा ठोकला. त्या खटल्यांच्या रेट्यातून बंदरातल्या डियर आयलंडवर सांडपाण्याचं नवं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं. 1991 मध्ये मैल्याचा गाळ बंदरात सोडणं थांबलं, आणि 2000 पासून शुद्ध केलेलं पाणी साडेनऊ मैलांच्या बोगद्यातून बाहेर उपसागरात जातं. पाणी सुधारलं का, हे बघायला आजही फ्लाउंडर पकडून त्यांची यकृतं मायक्रोस्कोपखाली तपासतात. पूर्वी पेशी बुडबुड्यांसारख्या फुगलेल्या दिसायच्या, गाठ होण्याच्या कितीतरी आधी. ते प्रमाण आता खूप खाली आलंय, आणि बंदरातल्या माशांमधल्या गाठी तर दिसेनाशाच झाल्या.

पण हे सगळं मायक्रोस्कोपखाली कळतं, म्हणून माझ्या ओट्यावरच्या कलेजीला प्रयोगशाळेचा मान देऊ नका. आई कल्ला उचलून लाल आहे का बघते, त्यातून मासा ताजा आहे एवढंच कळतं. पाण्यात काय होतं ते कल्ल्याच्या रंगावरून कळत नाही. पारा तर साध्या डोळ्यांना कशातच दिसणार नाही. गुळगुळीत, एकसारख्या रंगाची कलेजी दिसली की मला बरं वाटतं, बस्स. खात मी तीही नाही. ज्या अवयवात घाण साठते तो टाकावा, इतकं कामावरून घरी आणलंय. लॉबस्टरमधला हिरवा गर खाऊ नका असा मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य खात्याचाही सल्ला आहे, तो याच कारणासाठी.

आता खरी तक्रार. पाटीवर नुसतं 'फ्लाउंडर' लिहितात. कुठल्या जातीचा, कुठल्या पाण्यातला, काही नाही. दूर समुद्रात पकडलेला असेल तर त्याची कलेजी बॉस्टन बंदराबद्दल काय डोंबल सांगणार? काकांना विचारलं तर ते समुद्राच्या दिशेने हात करतात. जात तरी मी स्वतः ओळखते: विंटर फ्लाउंडरचे डोळे उजव्या अंगाला आणि तोंड एवढंसं. डोळे डाव्या अंगाला, जबडा मोठा आणि दात असतील तर तो समर फ्लाउंडर. तोही चांगला लागतो, पण मग लेप्याची आठवण येत नाही.

याचा आणि ओल्या फरशीचा मिळून एक तारा कापला. पाचपैकी चार. सकाळी दहाच्या आत जा, रबरी तळव्याचे बूट घाला, आणि पित्ताची पिशवी शाबूत आहे ना ते काउंटरवरच बघून घ्या.