वस्तरा की क्लिपर? ऑपरेशनआधी केस काढताना

इंदूरमध्ये हर्नियाचं ऑपरेशन ठरलं की आदल्या रात्री घरीच वस्तरा फिरवायचा मोह होतो. तो टाळाच. वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे काप पडतात. रात्रभर त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे जंतू वाढतात आणि पुढे टाक्यांत पू होतो. स्वस्त आणि गुळगुळीत, एवढंच वस्तऱ्याचं कौतुक.

क्लिपरचं, म्हणजे केस बारीक कापणाऱ्या यंत्राचं, पातं कातडी खरवडत नाही. बारीक खुंट राहतात, राहू द्या. मात्र क्लिपरच्या टोकाचं पातं प्रत्येक रुग्णाला नवं हवं. काम ऑपरेशनच्याच दिवशी, थिएटरबाहेर व्हावं आणि पडलेले केस चिकटपट्टीने टिपावेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारसही वस्तरा नकोच म्हणते. केस आड येत नसतील, तर क्लिपरचीही गरज नाही.